वरवर विंचरलेलं

कुत्र्यांचे केस कापणाऱ्या ग्रूमरकडच्या मुलाने ते माझ्या हातात ठेवलं तेव्हा क्षणभर मला ते काय आहे हेच कळेना. दोन्ही तळव्यांवर पसरलं तर लहान मुलाच्या स्वेटरएवढं भरलं असतं. वरून मऊ, जर्दाळूच्या रंगाचं, आणि आतून, म्हणजे अंगाला लागून असलेल्या बाजूने, घट्ट थापल्यासारखं. भिजून वाळलेल्या घोंगडीचा तुकडा असतो ना, अगदी तसं. त्याला ओल्या कुत्र्याचा, पावडरचा आणि आणखी कशाचा तरी आंबूस वास येत होता. "मॅडम, हे विंचरून निघण्यातलं नव्हतं. मशीनच मारायला लागलं," तो म्हणाला. रागावला असता तर बरं वाटलं असतं, पण तो अगदी मवाळपणे म्हणाला. टेबलावर आमची कुत्री, कुरडई, उभी होती. होती त्याच्या निम्मी झालेली, मान काडीसारखी, पोटाची गुलाबी कातडी उघडी, आणि डाव्या कानामागे रुपयाच्या नाण्याएवढा लाल, ओलसर चट्टा. "हे किती दिवसांचं असेल?" मी विचारलं. त्याने चट्ट्याच्या कडेने बोट फिरवलं, तिचा कान परत नीट खाली ठेवला.

"आठ-दहा दिवस तरी."

आणि मी तिला रोज विंचरत होते. रोज! रात्री जेवणं आटपली की बातम्या लावून बसायचं, पाठीवरून ब्रश फिरवायचा, ती डोळे मिटून पडायची, केस फुलून वर यायचे, लेक फोटो काढायची. बिल्डिंगमधल्या मुली लिफ्टमध्येच 'टेडी बेअर' करत तिच्या गळ्यात पडायच्या. त्या फुललेल्या केसांच्या बोटभर खाली हे घोंगडं तयार होत होतं आणि माझ्या गावीही नव्हतं. ती एकदाही कुरकुरली नाही. कानामागे हात गेला की मान किंचित बाजूला घ्यायची, एवढंच. मला वाटायचं, लाडात आलीय. येताना रिक्षात तिने मांडीवर डोकं टेकलं, आणि दुसऱ्या हातात माझ्याकडे ती केसांची पिशवी होती. ग्रूमरने ती का दिली आणि मी ती का घेतली, हे आजही सांगता येणार नाही. घरी आल्यावर हे ओल्या कचऱ्यात टाकायचं की सुक्या, यावर थोडा वेळ खल झाला आणि पिशवी वॉशिंग मशीनच्या वरच्या कप्प्यात गेली.

कुरडई म्हणजे गोल्डनडूडल. आई गोल्डन रिट्रीव्हर, वडील पूडल. नाव सासूबाईंनी ठेवलं. दोन महिन्यांचं ते पिल्लू खोक्यातून बाहेर आलं, त्याच्याकडे चष्म्यावरून बघत त्या म्हणाल्या, "ही तर तळलेली कुरडई!" लेकीने यादीत काढून ठेवलेली सगळी विलायती नावं त्या क्षणी रद्द झाली. प्रश्न नावाचा कधीच आला नाही, आला तो जातीचा. पार्ल्यात कुत्रं घेऊन खाली उतरलं की पन्नास पावलांत दोघं तरी विचारतात, "जात कुठली?" तिसऱ्या मजल्यावरचे काका, इस्त्रीवाला, नव्याने लागलेला वॉचमन. एरवी हा प्रश्न माणसांना तोंडावर विचारायची आपल्याला आता लाज वाटते, कुत्र्याच्या बाबतीत मात्र मनसोक्त विचारून घेतो. मी 'गोल्डनडूडल' म्हणायचे. समोरच्याचा चेहरा कोरा. मग 'दोन जातींचं मिक्स' म्हणायचे, तर तो जरा नाराज व्हायचा, मी काहीतरी कमअस्सल दाखवल्यासारखा. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लबांच्या वहीत तिला जात म्हणून जागा नाही हे खरंच आहे. वॉचमनने शेवटी त्याच्यापुरता निकाल लावून टाकला: "म्हणजे मेंढी आणि कुत्रा."

स्वयंपाकाच्या मावशी परभणीकडच्या. त्यांना मी एकदा सांगितलं, दोन वेगळ्या जातींचा संकर असतो, हायब्रीड. त्या पोळी लाटता लाटता थांबल्या. "हायब्रेट? मग अवघडच हाय की." मी म्हटलं, का? तर त्यांनी ज्वारी सांगितली. त्या लहान असताना त्यांच्या वडिलांनी पहिल्यांदा हायब्रीड पेरली होती. महाराष्ट्रात सीएसएच-१ हे संकरित वाण आलं ते 1964 साली, म्हणजे त्यांचा हिशेब बरोबरच असणार. ताट बुटकं, कणीस हे एवढं भरगच्च. पोती वाढली, घरात खाणारी तोंडं दहा, त्यामुळे वडील खूश. पण भाकरीला मालदांडीची चव नाही, कडबा कमी म्हणून बैल नाराज, आणि कापणीच्या तोंडावर पाऊस आला की कणसं काळी पडायची. "दिसायला ग्वाड, पण पावसात टिकंना," मावशी म्हणाल्या. "आन् घरचं बी धरून दुसऱ्या वर्षी पेरलं तर एक ताट उंच, एक बुटकं. सारखं म्हणून काही येतच न्हाई." मी हसले होते तेव्हा. आमच्याकडे गावाकडून येणारा प्रत्येक म्हातारा आजच्या पिढीला 'हायब्रीड' म्हणतो, ते आठवून. तो जानेवारी होता, कुरडई तीन महिन्यांची होती आणि पाऊस लांब होता.

घेतली का, हाही एक प्रश्नच. लेकीचा हट्ट तिसरीपासूनचा, आणि नवऱ्याची सर्दी त्याच्याही आधीपासूनची. त्याला धूळ चालत नाही, उदबत्ती चालत नाही, माझ्या मावसभावाच्या लॅब्राडोरशेजारी दहा मिनिटं बसला की डोळे लाल. मग कुणीतरी सांगितलं की डूडलचे केस गळत नाहीत, ॲलर्जीवाल्यांना चालतात. एवढ्या एका वाक्यावर आम्ही कुत्रं घेतलं. किंमत सांगत नाही. सासूबाईंना निम्मी सांगितली होती, त्यावरही त्या दोन दिवस बोलल्या नव्हत्या.

नंतर, म्हणजे ती केसांची पिशवी घरी आल्यानंतर, मी या 'केस गळत नाहीत'चं मूळ शोधत बसले. ते निघालं ऑस्ट्रेलियात. तिथल्या व्हिक्टोरिया राज्यात अंधांसाठी कुत्रे तयार करणारी एक संस्था होती आणि तिथे पैदाशीचं काम वॉली कॉनरन नावाचे गृहस्थ बघायचे. हवाईमधल्या एका अंध बाईंचं पत्र आलं: मला वाट दाखवणारं कुत्रं हवंय, पण माझ्या नवऱ्याला कुत्र्याची ॲलर्जी आहे. (जगातले सगळे नवरे सारखेच.) कॉनरननी आधी नुसते पूडल वापरून पाहिले. तीन वर्षांत तेहतीस! एकही त्या कामाला उतरला नाही. शेवटी 1989 मध्ये त्यांनी लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्लं झाली. तिघांचे केस आणि लाळ हवाईला पाठवून त्या नवऱ्यावर चाचणी घेतली, तर त्याला त्रास न होणारं पिल्लू निघालं एकच, सुलतान. उरलेल्या दोघांना सांभाळायला कुणी मिळेना, कारण पिल्लं सांभाळणाऱ्यांच्या यादीतल्या लोकांना संकर नको होता, अस्सल हवं होतं. मग त्यांना 'लॅब्राडूडल' असं झोकदार नाव देऊन बातमी केली, आणि फोन वाजायचे थांबेनात. गोल्डन रिट्रीव्हरचे डूडल त्याच लाटेतले, नव्वदच्या दशकातले, उत्तर अमेरिकेतले. म्हातारपणी कॉनरन पस्तावले. 2019 मध्ये तिथल्या एबीसी वाहिनीशी बोलताना, हे केलं याचीच आयुष्यभराची खंत आहे असं म्हणाले, कारण पुढे ज्याने त्याने कशाचाही पूडलशी संकर करून बाजार मांडला. मला मात्र त्या खंतीपेक्षा तो तिनात एकाचा हिशेब जास्त लागला. मुळात, अगदी पहिल्याच वेताला, खात्री तिनात एकाचीच होती. विकताना ते 'एक' तेवढं सांगतात.

आमच्याकडेही तेच. कुरडईच्या भावंडांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एकाच आईची सहा पिल्लं मुंबईभर विखुरलीत. ठाण्याचा भाऊ चक्क गोल्डन दिसतो, सरळ केस, आणि सोफ्यावर इतके गाळतो की त्याच्या मालकीणबाईंनी ग्रुपवर व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशवीचा फोटो टाकला होता. बोरिवलीची बहीण पूर्ण पूडल, स्प्रिंगा स्प्रिंगा. आमची मध्येच कुठेतरी, लाटा लाटा. वजनंसुद्धा तशीच, एक अठरा किलोवर थांबली, एक एकतीसवर. एक ताट उंच, एक बुटकं. आणि ॲलर्जीचं म्हणाल तर ती केसांमुळे नसतेच. कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात जी प्रथिनं असतात त्यांची असते, आणि लाळ तर डूडललाही आहेच. नवऱ्याला पहिले दोन महिने काही झालं नाही, मग एकदा तिने मनगट चाटलं आणि तिथे गांधी उठल्या. आता तो तिला फिरवून आणतो, येऊन कोपरापर्यंत हात धुतो, शिंकतो आणि "ही माझ्यामुळे आणली ना?" असं वर ऐकवतो. परत द्यायचं नाव मात्र त्याने एकदाही काढलं नाही.

न गळणाऱ्या केसांचं कुणी न सांगितलेलं गणित असं आहे. केस मेला की तो सुटतोच, पूडलचा असो की कुणाचा. गोल्डनचा सुटलेला केस सोफ्यावर पडतो, आपण वैतागतो आणि झाडून काढतो. डूडलचा सुटलेला केस शेजारच्या कुरळ्या केसात अडकतो आणि तिथेच राहतो. सोफा स्वच्छ, कुत्र्यात गुंता. शिवाय आठ ते बारा महिन्यांच्या मध्ये कधीतरी पिल्लाचे जावळ जाऊन मोठेपणचे केस येतात. जुने सुटतायत, नवे फुटतायत, दोघांची एकमेकांत मिठी. त्या काही आठवड्यांत डूडलवाल्यांची परीक्षाच असते म्हणतात. आमची परीक्षा आली नेमकी जुलै-ऑगस्टमध्ये. सकाळी पावसात भिजायचं, आल्यावर टॉवेलने खसाखसा पुसायचं, पंख्याखाली ठेवायचं. वर पाऊस लागू नये म्हणून रेनकोट, त्याच्या काखेत घासणारा पट्टा. दर रविवारी शांपू घालून अंघोळ, आणि विंचरणं अंघोळीनंतर, कारण ओल्या केसांतून ब्रश छान फिरतो. लोकर ओली करून, साबण लावून, घासत राहिलं की तिचा नमदा, म्हणजे घट्ट थापलेलं जाड कापड, तयार होतो, हे मला शाळेत कार्यानुभवाच्या तासाला शिकवलेलं. तीच कृती मी महिनाभर, मोठ्या प्रेमाने, जिवंत कुत्र्यावर करत होते. आधी गुंता काढायचा आणि मग पाणी लावायचं, गाठीला पाणी लागलं की ती आवळते, एवढं साधं आहे ते. मुंबईच्या दमट हवेत तळाचे केस दिवसभर वाळतच नाहीत. वर हाताला कोरडं लागतं, आत ओल तशीच. डॉक्टरांनी त्या चट्ट्याला 'हॉट स्पॉट' म्हटलं. लेक म्हणाली, पासवर्ड काय आहे? कुणी हसलं नाही.

कानांचंही तसंच. लोंबते कान, आत वाढणारे केस आणि पावसाळा, म्हणजे यीस्टच्या बुरशीला आयतं घर. आता दर अंघोळीनंतर कापसाने कानाचा दिसेल तेवढाच भाग पुसते. बड आत घालत नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलंय. कानाशी नाक नेऊन वास घ्यायचीही सवय लागलीय. पावाच्या पिठासारखा आंबट वास आला की समजायचं, काम वाढलं. लेप्टोची, म्हणजे पावसाच्या साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, लस दरवर्षी. ते मात्र सासूबाईंनीच आठवण करून दिली. 2005 चा मुंबईतला तो पाऊस आणि त्यानंतरचं लेप्टोचं भय त्यांच्या पिढीच्या चांगलं लक्षात आहे. बाकी गोचिडाचं औषध, सहा-आठ आठवड्यांनी कात्री, पंजांच्या बोटांमधले केस. यादी संपत नाही, आणि मला याद्यांचा कंटाळा आहे.

चट्टा भरत आला तेव्हा ग्रूमरच्या त्या मुलाकडे मी विंचरायला शिकायला गेले. केस अजून मखमलीएवढेच होते, म्हणून त्याने दुसऱ्या एका डूडलवर दाखवलं. त्याला कुशीवर झोपवलं, डाव्या हाताने केस वर धरले आणि खाली कातडीची एक पांढरट-गुलाबी ओळ उघडी केली. "ही ओळ दिसली पाहिजे. कातडी. मग ह्या ओळीपुरतेच केस खाली विंचरायचे, मुळापासून टोकापर्यंत. मग अर्धा इंच वर, दुसरी ओळ." ब्रश झाला की स्टीलचा कंगवा. कंगवा कुठे अडला तर ओळ झाली नाही असं समजायचं आणि परत पहिल्यापासून. मी उभी राहून बघत होते आणि मला गिरगाव दिसायला लागलं.

आजीची चाळ, दुसरा मजला, रविवारची दुपार. कॉमन गॅलरीत उजेड चांगला म्हणून आजी तिथे चटई टाकायची, मला दोन गुडघ्यांच्या मध्ये बसवायची आणि माझं डोकं जवळजवळ स्वतःच्या ताब्यात घ्यायची. मांडीवर पांढरा पंचा, हातात लाकडी फणी. भांग पाडायचा, एक बोट केस बाजूला, दुसरा भांग, पुन्हा एक बोट. लिखा, उवा, नखावर टिचकन वाजवून मारल्याचा तो आवाज. मी सुटायला बघायचे. शाळेत जाताना मी स्वतःच वरून पाणी लावून चापून चोपून वेण्या घालायचे आणि त्या दिसायलाही छान दिसायच्या. आजी वेणी सोडायची आणि आत बोटं घालून म्हणायची, "वरवर विंचरलेलं आम्हाला चालत नाही हो." तेव्हा ते टोचायचं. खोबरेल, तिच्या लुगड्याचा सुताचा वास, खालून येणारा भेळवाल्याचा घंटेचा आवाज, आणि मान अवघडलेली. एकदा तिच्याकडे कोकणातून एक नात्यातली बाई राहायला आली होती, तिच्या केसांत जट होती, हाताच्या करंगळीएवढी जाड. आजी तिला जेवायला वाढायची, प्रेमाने बोलायची, पण देवीचं आहे म्हणून त्या जटेला हात लावू नको असं मला सांगायची. मला ती जट सारखी बघावीशी वाटायची. आतून ओली असेल का, दुखत असेल का, असं मनात यायचं. विचारलं कधीच नाही. आता अंधश्रद्धा निर्मूलनवाले अशा जटा सोडवतात, बायकांना समजावून, कात्रीने. त्या बाईची कुणी सोडवली की नाही माहीत नाही.

हे सगळं एका कुत्र्याच्या केसांवरून आठवावं, याचा मला थोडा संकोचही वाटतो. खाली आमच्या गल्लीत स्टेशनरीच्या दुकानापाशी एक काळं कुत्रं राहतं. पावसात भिजतं, एकदा जोरात अंग झाडतं आणि पाच मिनिटांत कोरडं. कान उभे, हवा खेळती. केस आखूड, गुंता होण्याएवढे नाहीतच. त्याच्या पूर्वजांना या हवेने शेकडो वर्षं पारखून घेतलंय. दुकानदार त्याला दूध-बिस्किट देतो, महापालिकेची माणसं नसबंदी करून कानाला खाच पाडून गेलीत. एकदा मी कुरडईला घेऊन उभी असताना मावशी त्या काळ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ताई, संकर तर ह्यो बी हाय. फक्त पैशे न्हाई लागले." मी काय बोलणार? शुद्ध म्हणून ज्याला आपण मान देतो तो गोल्डन रिट्रीव्हरसुद्धा 1868 मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातल्या एका लॉर्डने पिवळा रिट्रीव्हर आणि पाण्यातला स्पॅनिअल यांचा संकर करून सुरू केलेला. शंभर-दीडशे वर्षं वही नीट ठेवली की संकराची जात होते. काळ्याची वही कुणी ठेवली नाही. आणि मी, वही बघून नाही, तर एका वाक्यावर भुलून, त्याला ओलांडून पलीकडे गेले. कुरडई पायाशी बसलेली असताना असले विचार करणंही बरं वाटत नाही. ती तर मागायला आली नव्हती.

स्वभावाने ती कशी आहे हे सांगायला बसले तर लेख लांबेल. गोल्डनचं माणसांवर भाळणं आणि पूडलची चलाखी, दोन्ही आलंय. चोर आला तर ती त्याला चप्पल आणून देईल. दार कुठल्या चावीने उघडतंय यावरून कोण आलं हे तिला कळतं, आणि सासूबाईंच्या जपाची माळ थांबली की जेवणाची वेळ झाली हेही. एकटं राहणं मात्र तिला झेपत नाही. सुरुवातीला आम्ही सगळे तीन तास लग्नाला गेलो तर तिने दाराची चौकट कुरतडली होती. साडेसहाशे फुटांच्या घरात ती आमच्या प्रत्येकाच्या मागे स्वयंपाकघर ते बाल्कनी अशा फेऱ्या घालत असते, पण तेवढ्याने तिचं भागत नाही. दिवसातून तासभर तरी पळायला लागतं, आणि उन्हाळ्यात ते सकाळी सातच्या आत, कारण नंतर रस्ता तापतो. मी तळहाताची मागची बाजू डांबरावर टेकवून बघते, हात ठेवता येत नसेल तर परत फिरायचं. आणि पाणी! पूडल हा शब्दच मुळात जर्मन भाषेतल्या पाण्यात डुबकणं-उडवणं या अर्थाच्या शब्दावरून आलाय, हा शिकारीच्या वेळी पाण्यातून बदकं आणणारा कुत्रा. त्यामुळे सोसायटीच्या गेटबाहेर जे खड्ड्याचं तळं साचतं त्यात ती बसते. उभी राहत नाही, बसते. पाऊस तिला मनापासून आवडतो आणि नेमका तोच सोसत नाही.

सासूबाईंचं आणि तिचं वेगळंच चालतं. 'घरात कुत्रं नको' इथून सुरू झालेल्या त्या आता साजूक तुपाची पोळी पदराखालून देतात. श्रावणातल्या सत्यनारायणाला प्रसादाच्या शिऱ्याची मूद त्यांनी तिच्यापुढे धरली, आणि लेक किंचाळली. शिऱ्यात बेदाणे होते. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात, किती खाल्ले तर चालतील याचाही भरवसा नाही. दोन पोटात गेलेच होते. पूजा तशीच टाकून आम्ही डॉक्टरांकडे पळालो, त्यांनी तिला उलटी करवली. सासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. "देवाचा प्रसाद बाधतो कसा?" हे त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, पण ते देवाला विचारत होत्या की स्वतःला, कळेना. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. मला सांगायचं होतं, मीसुद्धा महिनाभर रोज ब्रश घेऊन बसत होते. पण ते शब्द तोंडातून निघाले नाहीत आणि मी नुसतीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

दिवाळीच्या साफसफाईत त्यांनाच वॉशिंग मशीनवरची पिशवी सापडली. "हे कुणाचं घोंगडं?" मी सांगितलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, उजेडात धरलं, बोटाने दाबून पाहिलं. "एवढं होतं अंगावर?" म्हणाल्या, आणि पिशवीची गाठ मारून स्वतःच खाली कचऱ्याच्या डब्यात टाकून आल्या.

केस परत आले. आता दुसरा पावसाळा आहे. नियम साधा ठेवलाय. पावसाळाभर केस आखूड, दोन बोटांच्या वर नाही. टेडी बेअर वगैरे नाही. लिफ्टमधल्या मुली नाराज आहेत. बातम्या लावून विंचरणं बंद, कारण नजर टीव्हीवर असली की हात आपोआप वरवर चालतो. चाळीसारखी गॅलरी नाही म्हणून दुपारी बाल्कनीत चटई टाकते, मांडीवर नवऱ्याचा जुना पंचा. कुरडई एका कुशीवर पडते. मागच्या पायापासून सुरुवात, ओळ पाडायची, कातडी दिसेपर्यंत, ब्रश, कंगवा, अर्धा इंच वर. केसांतून कंगवा सरळ गेला की एक कोरडा, खरखरीत, समाधानाचा आवाज येतो. काखेपाशी आणि पट्ट्याखाली तो अडतो, मग चिमूटभर कॉर्नफ्लॉवर चोळून बोटांनी हळूहळू धागा धागा सुटा करायचा. एका बाजूला चाळीस मिनिटं लागतात. पाठ धरते. कधीकधी रागही येतो, तिचा नाही, त्या 'केस गळत नाहीत' म्हणणाऱ्याचा.

गेल्या रविवारी पाऊस कोसळत होता. मावशी आत भाजी निवडत होत्या. पाठ झाली, पोट झालं, मी कानामागे आले. वरून सगळं ठीक, फुललेलं, मऊ. कंगवा लावला, तो अर्ध्यात थांबला, आणि कुरडईने मान किंचित बाजूला घेतली. तेवढीच, पूर्वीसारखी. मी कंगवा खाली ठेवला, तिचा कान उलटा करून उजेडाकडे धरला आणि बोटांनी ओळ पाडायला लागले.

"निघाली का गाठ?" मावशींनी आतून विचारलं.

"बघतेय," मी म्हटलं.